काकूंसाठी कुत्रं आणायचं म्हणतोस, तर

आर्वी, जि. वर्धा

प्रिय सुध्या,

काकूंसाठी पुण्याहून लॅब्राडोरचं पिल्लू आणू का, असं तू फोनवर विचारलंस आणि मी हसलो. बसमध्ये होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

विचार चांगला आहे, पिल्लू चुकीचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. तुमच्या टिनाच्या छपरीत त्या दाट केसांच्या कुत्र्याची लाहीलाही होईल आणि काकू स्वतःचा कूलर त्याच्याकडे वळवून देतील. वर्षभरात ते २५-३० किलोचं होतं. एका हिसड्यात काकू अंगणात आडव्या! या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. गावठीच बरं.

आमच्या बाबांचं सांगतो. ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली. विकू दिली त्यांनी, पण त्यांचा दिवसच मोडला. पहाटे कोठ्यात जाणं, कुटार टाकणं, पाणी दाखवणं, सगळं गेलं. पोळ्याला तोरणाकडे फिरकले नाहीत. दिवसभर खाटेवर. गोळी हातात दिली तर घ्यायची, नाही तर राहिली.

मग एक लाल कुत्री धुऱ्यावरून त्यांच्या मागं लागून घरी आली. आई काठी दाखवायची, बाबा लपवून शिळी भाकर टाकायचे. पुढे ती भाकर ताकात कुस्करून मिळायला लागली! आता पहाटे ती खाटेपाशी येऊन धोतर ओढते. मग दोघं पांदणीनं वावरापर्यंत जाऊन येतात. पारावर कोणीतरी हटकतं, "काऊन बुवा, आज उशीर?" खाटेवरच्या माणसाला कोण हटकणार होतं? बीपीची गोळी माझ्या बायकोनं कुत्रीच्या भाकरीच्या वेळेला जोडून टाकली, आता ती चुकत नाही. तुमची तब्येत सुधारली म्हटलं, तर म्हणाले, "मी कायले सुधरतो? इलेच पाच वाजता भूक लागते."

जनावर माया लावतं, ते खरंच. जपानमध्ये २०१५ साली अभ्यास झाला, कुत्रं आणि मालक एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया वाटायला लावणारं संप्रेरक, वाढतं. पण मला वाटतं, म्हाताऱ्या माणसाला मायेपेक्षा काम हवं असतं. आपण पोरं 'आता आराम करा' म्हणत एकेक काम हातातून काढून घेतो. काकाजी गेल्यावर तूही काकूंच्या बकऱ्या विकायला लावल्यास, आठवतं? त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण दावी अजून खुंटीला आहेत.

१९८० सालचा एक अमेरिकन अभ्यास फार सांगितला जातो. हृदयविकारानं दवाखान्यात राहून घरी गेलेले ९२ रुग्ण. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होता अशा ५३ पैकी वर्षभरात ३ गेले. नसलेल्या ३९ पैकी ११. आकडा मोठा वाटतो, पण माणसं थोडी होती. आणि जो मुळातच धडधाकट तोच जनावर पाळतो, असंही असू शकतं. तेव्हा कुत्रं आणलं की काकूंचं हृदय ठणठणीत, असं कोणाला सांगत फिरू नकोस.

कटकटी आहेतच. पायात घुटमळून पाडण्याची भीती गावठीचीही असते. रात्री ओसरीतला दिवा चालू ठेवायचा. रेबीजची लस पिल्लू तीनेक महिन्यांचं झालं की, मग दरवर्षी. नसबंदी करून घेऊ. चावलं, ओरखडलं तर वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना. काकूंना हे आधीच बजाव, नाही तर शेजारीण मिरचीची पूड घेऊन हजर! आणि काकू आजारी पडल्या तर भाकर कोण टाकणार, ते आत्ताच ठरवायला हवं. मी गावात असलो तर मी टाकीन, पण सोयाबीन काढणीत माझा भरवसा धरू नकोस.

मुख्य म्हणजे आधी त्यांना विचार. परस्पर आणून ठेवू नकोस. कदाचित त्या म्हणतील, कुत्रं नको, बकरी दे. मग बकरीच घे. बकरीच्या मागं त्या दिवसभर उठबस करतील, शिवाय चहाला दूध.

उद्या फोन कर त्यांना. दुपारी नको, तेव्हा त्या झोपतात. काय म्हणाल्या ते कळव. कुत्रं म्हणाल्या तर आमच्या कुत्रीची पिल्लं आहेत, त्यातली एक काळी मादी जरा शांत आहे.

तुझा,
दिन्या

ता. क. लसीचे पैसे तुझे.