गहू आत्ताच सोडू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पोटदुखीच्या वहीच्या पानांचे फोटो मोठे करकरून वाचले. काल फोनवर म्हणालीस, "दूध बंद केलंय, उद्यापासून गहू बंद, आणि कांदा-लसणाचाही संशय आहे," आणि घाईत फोन ठेवलास. म्हणून लिहून पाठवते. लिहिलेलं तुला परत वाचता येतं आणि मध्येच तोडता येत नाही, हे दोन्ही माझ्या सोयीचं.

आधी घाईचं सांगते. गहू उद्यापासून बंद करू नकोस. बंद करावा लागला तर करू, पण त्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घे. टीटीजी-आयजीए म्हणतात, सोबत एकूण आयजीएसुद्धा (आयजीए हा रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार) बघतात. साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. त्या तपासणीत जी प्रतिपिंडं शोधतात ती ग्लुटेन खात असतानाच रक्तात सापडतात. महिना-दोन महिने गहू सोडून मग रक्त दिलंस तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो, आणि खात्री करायची तर पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन दुखणं ओढवून घ्यावं लागतं. "सोडून बघते, बरं वाटलं तर झालं" हे इथे चालत नाही, कारण सीलिॲक असेल तर गहू जन्मभर आणि कणभरही न खाता सोडायचा असतो, आणि नसेल तर इतकं कडक राहण्याची काहीच गरज नसते. हा फरक कागदावर आलेला बरा.

आता तुझी वही. "सोमवार, रात्री ९.१५ दूध. ९.२५ पोट दुखलं. कारण: दूध." पुढे बुधवारी "ब्रेड, लगेच कळ. कारण: गहू." म्हणजे दुखायच्या आधी जे शेवटचं तोंडात गेलं त्याच्यावर तू खापर फोडलंस. सगळे तेच करतात गं. पण दुधातल्या साखरेचा त्रास दहा मिनिटांत होत नाही, सहसा अर्ध्या तासानंतर किंवा दोन-तीन तासांनी जाणवतो. मग दहा मिनिटांत कळ कसली? पोटात काहीही पडलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा मिळतो. सगळ्यांचंच असं होतं, म्हणून तर कित्येकांना न्याहारी झाली की लगेच जावं लागतं. आतडं आधीच वाऱ्यानं फुगलेलं असेल तर त्या हालचालीचीच कळ येते. फुगवणारा पदार्थ दुपारच्या जेवणातला असू शकतो, आणि सोमवारी दुपारी तू काय खाल्लंस ते वहीत कुठेच नाही!

तेव्हा यापुढे सगळं लिही. काय, किती, किती वाजता. दुखलं कधी, कुठे, किती वेळ. शौच कशी झाली तेही, लाजू नकोस. झोप, परीक्षेचा ताण आणि पाळीची तारीख. पाळीच्या दिवसांत गर्भाशयात जी द्रव्यं तयार होतात त्यांनी आतडंही आवळतं आणि पोट सैल होतं, म्हणजे त्या आठवड्यात दुधाला किंवा कांद्याला दोष दिलास तर तो खोटा ठरायची शक्यता बरीच. आणि न दुखलेल्या दिवसांचंही लिही. तोच पदार्थ शांतपणे पचलेला दिवस सापडला की संशय निम्मा उतरतो.

तू समासात बारीक अक्षरात "अभ्यास, गम" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंयस. मला त्या च्युइंगममध्ये जास्त रस आहे. पाकिटावर "शुगर-फ्री" असेल तर मागे घटक वाच. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल यांपैकी काहीतरी असणार. ही गोडी लहान आतड्यात पुरती शोषली जात नाही, स्वतःबरोबर पाणी ओढते आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या तावडीत सापडून वायू करते. एका गोळीनं काही होत नाही. रात्रभर एकामागून एक चघळलीस, वर चघळताना हवा गिळलीस, तर गुडगुड आणि कळ येणारच. सफरचंद आणि नासपतीतही सॉर्बिटॉल असतं. ज्याला आपण खाणं म्हणतच नाही ते कुणी वहीत नोंदवत नाही, आणि चोर नेमका तिथेच बसलेला असतो.

दुसरी अशीच वस्तू म्हणजे तू घेतेस ती दुखण्यावरची गोळी. आयबुप्रोफेन जठराचं आतलं अस्तर राखणाऱ्या द्रव्यांनाच आळा घालते. उपाशीपोटी घेतलीस आणि वरच्या पोटात जळजळीसारखं दुखलं तर ते अन्नाचं दुखणं नव्हे. पोटदुखीसाठी ती गोळी घेणं थांबव, आणि डॉक्टरांना ती घेत होतीस हे आठवणीनं सांग. वरच्या पोटात, रिकाम्या पोटी दुखतं आणि खाल्ल्यावर बरं वाटतं असं असेल तर तेही सांग. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूनं अल्सर होतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. लोक पटवून घेईनात म्हणून मार्शलनं १९८४ मध्ये स्वतः तो जंतू पिऊन जठराला सूज आणून घेतली, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी वर्षानुवर्षं अल्सरच्या रोग्यांचं तिखट आणि कॉफी बंद करण्यातच सगळ्यांचा वेळ गेला होता.

दुधाबद्दल. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे पाचकद्रव्य लहानपणानंतर कमी होत जाणं जगातल्या जवळजवळ दोन तृतीयांश माणसांत आढळतं, म्हणजे तो आजारही नव्हे. पण कमी झालेल्यांतल्याही बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, जेवणाबरोबर सहसा सोसतं. दह्यातले जंतू त्यातली साखर काही प्रमाणात आधीच पचवतात, तुपात ती जवळपास नसतेच. म्हणून "दूध बंद" म्हणताना दही, तूप सगळं फेकून द्यायचं काही कारण नाही. आणि मागच्या महिन्यात तुला जुलाब झाले होते ना? आतड्याला तशी सूज येऊन गेली की हे पाचकद्रव्य काही आठवडे कमी पडू शकतं आणि मग आपलं आपण सुधारतं.

याची एक छान परीक्षा घरच्या घरी होते. साधं दूध आणि लॅक्टोज-फ्री दूध, दोन्ही आण. लॅक्टोज-फ्री दूध किंचित गोड लागतं, कारण त्यातली साखर आधीच फोडलेली असते. तेव्हा दोन्हींत कोको घाल, म्हणजे चवीवरून ओळखू येणार नाही. मग रूममेटला सांग की एका सुट्टीच्या दिवशी एक ग्लास दे, तीन-चार दिवसांनी दुसरा दे, कोणतं कधी दिलं ते तिच्या वहीत लिहून ठेवायचं, तुला सांगायचं नाही. दोन्ही वेळा दुखलं किंवा एकदाही दुखलं नाही, तर लॅक्टोज निर्दोष. हे खेळ वाटेल, पण दुखणार म्हणून धास्ती घेतली की खरंच दुखतं. ते नाटक नसतं, आतडं आणि मेंदू तसे जोडलेलेच आहेत. म्हणून आपल्याला माहीत नसताना दिलेला ग्लास जास्त खरं बोलतो. डॉक्टर हेच लॅक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजूनही बघतात.

कांदा-लसूण आणि गहू यांचं एक गंमतशीर नातं आहे. तिघांतही फ्रुक्टान (साखरेच्या कणांच्या साखळ्या) असतात आणि ते पचवायचं पाचकद्रव्य माणसाकडे नाहीच, तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. जंतू ते आंबवतात, वायू होतो. कुणाला तो कळतही नाही, कुणाला कळ आणतो. २०१८ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी सीलिॲक नसलेल्या, पण ग्लुटेन बाधतं म्हणून ते सोडलेल्या ५९ जणांना दिसायला सारखे बार खायला दिले, कधी ग्लुटेनचे, कधी फ्रुक्टानचे, कधी नुसतेच. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टानच्या बारनं झाला, ग्लुटेनच्या बारनं नुसत्या बारपेक्षा जास्त काही झालं नाही. म्हणजे ब्रेडनं पोट दुखलं तरी तो दोष ग्लुटेनचाच असेल असं नाही. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. सूपमधून कांद्याचे तुकडे वेचून काढलेस तरी जे व्हायचं ते सूपमध्ये उतरलेलं असतं. उलट लसूण तेलात परतून पाकळ्या बाहेर काढल्या तर वास राहतो आणि त्रास टळतो.

पद्धत मात्र एकच ठेव. एका वेळी एकच पदार्थ सोडायचा, दोन आठवडे. फरक पडला नाही तर तो निर्दोष, परत सुरू. फरक पडला तर तो मुद्दाम परत खायचा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. खरी परीक्षा ती. सोडून बरं वाटणं हा पुरावा कच्चा असतो, कारण दुखणी आपली आपणही थांबतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा सीलिॲकची मुलं सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या डॉक्टरचा गव्हावरचा संशय आधीपासूनचा होता, तो पक्का झाला तो या दोन्ही गोष्टी घडल्यामुळे. तू एकदम चार गोष्टी बंद केल्यास तर बरं वाटल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? आणि तुझं वजन आधीच काय ते आम्हाला ठाऊक आहे.

खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं असं झालं तर ती ॲलर्जी, तो पदार्थ घरी परत खाऊन बघायचा नाही, थेट दवाखाना. शौचात रक्त किंवा काळी शौच, झोपेतून उठवणारी कळ, ताप, थांबत नसलेली उलटी, विनाकारण उतरणारं वजन, बेंबीपासून उजव्या बाजूला खाली सरकलेलं दुखणं, यांतलं काहीही असेल तर वही मिटून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तू विचारलेली ती शेकडो पदार्थांची आयजीजी (हाही प्रतिपिंडांचाच एक प्रकार) तपासणी करू नकोस. त्यात आपण जे खातो त्याचीच आयजीजी वाढलेली दिसते, म्हणजे पैसे मोजून आपल्याच जेवणाची यादी छापून घ्यायची. मोनॅश विद्यापीठाचा फॉडमॅप आहार (आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी करणारा) मात्र कामाचा आहे, पण तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, दोन ते सहा आठवडेच, आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा. ते पुढचं. आधी रक्त.

तर गहू खात राहा, गम बंद कर (ती सोडायला कुठल्याच तपासणीची वाट बघावी लागत नाही), वही भर. दवाखान्यात जाताना वही ने, डॉक्टरांना तोंडी सांगताना अर्धं विसरायला होतं. बाबांना यातलं कॉफीबद्दल काही बोलू नकोस, अल्सरचा तो परिच्छेद वाचून ते आजपासून तिसरा कप मागायला लागले आहेत. रिपोर्ट आला की आधी मला फोटो पाठव, एकूण आयजीएचा आकडा दिसेल असा.

तुझी,
आई