गेममधलं पुस्तक उघडायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. नाशिकच्या वाचनालयांत ज्यांची ऊठबस आहे ते ओळखतील तेवढं ओळखू देत. माझा लघुप्रबंध मंजूर झाला. कळल्यापासून तुम्हाला काहीतरी म्हणायचंय आणि समोर आले की घसा दाटतो, म्हणून हे उघड पत्र.

विषय सांगितल्यावर लोकांचे चेहरे कसे व्हायचे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. व्हिडिओ गेममधली अद्भुत विश्वं आणि आपल्या जुन्या अद्भुतकथा. एका विद्वानांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "गेम खेळायला एम.ए. कशाला लागतं?" दुसऱ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ग्रामीण कथा घे म्हणाल्या, मटेरियल तयार आहे. तिसरीकडे निकाल लागला की हे सगळं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचं, तेव्हा इंग्रजी विभागात जा. इंग्रजीवाल्यांनी गेम म्हणजे कॉम्प्युटर म्हणून पुढचा जिना दाखवला. नकाराचं मला एवढं वाईट वाटलं नाही. यांतल्या एकानेही "दाखव बघू, कसा असतो तो गेम" एवढं म्हटलं नाही, हे मात्र लागलं. अजून लागतं.

तुम्ही म्हणालात. संदर्भ विभागातल्या मागच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला आणि स्कायरिम लावला. 2011 सालचा गेम, म्हणजे तसा जुनाच. ड्रॅगन दाखवीन, तलवारबाजी दाखवीन, म्हणजे काका खूश होतील असा माझा हिशेब. मी गेममधल्या एका खाणावळीतून घाईने बाहेर पडत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब. ते फळीवरचं पुस्तक उघडतं का गं?"

उघडतं. त्या गेममध्ये शेकडो पुस्तकं आहेत आणि ती खरोखर वाचता येतात. बहुतेक खेळाडू ती उचलतात ते विकून चार नाणी मिळतील म्हणून. तुम्ही चष्मा पुसलात, खुर्ची पुढे ओढलीत आणि पहिलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. मग म्हणालात, "उलट." पुस्तक उघडलं की तिथला काळ थांबतो, शत्रूसुद्धा जागच्या जागी उभा राहतो, हे सांगितल्यावर तुम्ही हसलात. "बरंय. इथे आमचा फोन वाजतच असतो."

काका, माझा प्रबंध त्या "उलट" पासून सुरू झाला. मला कुणीतरी मदत करावी एवढीच अपेक्षा होती. मी ज्यात रमते ती गोष्ट कुणी पान न गाळता वाचेल, हे डोक्यातही नव्हतं.

त्या जगातल्या साम्राज्याच्या संस्थापकाबद्दल एक पुस्तक एक सांगतं आणि दुसरं त्याच्या अगदी उलट, हे तुमच्याच लक्षात आलं. "म्हणजे पुराणांसारखंच की. जो सांगतो, त्याची बाजू त्यात येते." त्यानंतर तुम्ही कपाटाकडे गेलात आणि लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून निघालेल्या तिलिस्म-ए-होशरुबा या उर्दू अद्भुतकथेच्या गोष्टी सांगत बसलात. तिलिस्म म्हणजे जादूगाराने रचलेलं आख्खं जग, त्याचे नियम त्याचेच. ते तोडणारा आधीच ठरलेला, आणि पुढे काय करायचं ते त्याला एका पाटीवर वाचायला मिळतं. मी ओरडलेच, हा तर क्वेस्ट लॉग, गेममधली पुढच्या कामांची यादी! शेजारच्या टेबलावर एमपीएससीची मुलं अभ्यास करत होती, त्यांनी आपल्याकडे पाहिलं ते अजून आठवतं.

मग अमीर हमजाच्या दास्तानांतला, म्हणजे लांबलचक कथांतला, चलाख अमर अय्यार आणि त्याची ती झोळी, जंबील. तिच्यात काय वाटेल ते मावतं, अगदी शहरंसुद्धा. स्कायरिममध्ये मात्र पाठीवर सुरुवातीला 300 एवढंच वजन नेता येतं, त्यावर गेलं की धावणं बंद. तुम्ही म्हणालात, मर्यादा आली की हिशेब आला आणि हिशेब आला की खेळ झाला. गोष्टीला हिशेबाची गरज नसते. हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलंय, तळटीपेत "एका ज्येष्ठ वाचकाशी चर्चा" एवढंच आहे.

आणि एक फार मोठी गोष्ट. मी उत्साहाने लिहिणार होते की गेममधल्या डंजनचं, म्हणजे राक्षस आणि खजिना असलेल्या भुयारांचं, मूळ तिलिस्मात आहे. तुम्ही लगेच अडवलंत. "पुरावा आहे का? नाही ना? मग एकातून दुसरं आलं असं म्हणू नकोस. शेजारी ठेव आणि बघ." गेमची वाट वेगळी आहेच: टोल्किनची 1954-55 सालची कादंबरी, मग 1974 मध्ये कागद-फाशांवर आलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ, आणि तिथून कॉम्प्युटर. पदवी देणाऱ्यांपैकी कुणी मला एवढी शिस्त शिकवली नव्हती.

वेताळाचा मुद्दा तर परीक्षकांनाही आवडला. गेममध्ये चुकलं की मागे जावं लागतं, विक्रमाला मात्र बरोबर उत्तर दिल्यावर मागे जावं लागतं. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं, बोलला तर वेताळ परत झाडावर. असा नियम एखाद्या गेमवाल्याने घालून दाखवावा.

मी एकदा फारच खचून आले होते, तेव्हा तुम्ही गुणाढ्याची गोष्ट सांगितलीत. सातवाहन राजाने त्याची बृहत्कथा पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत आहे म्हणून नाकारली. त्याने ती रानात प्राण्यांना वाचून दाखवत एकेक पान जाळलं. सात लाख श्लोकांपैकी एक लाख उरले. त्या उरलेल्यांतून पुढे सोमदेवाचा कथासरित्सागर आला. "आणि ही गोष्ट आपल्याच नदीवरची, पैठणची," असं म्हणून तुम्ही खिडकीतून पांडवलेण्यांच्या दिशेला हात केलात, तिथेही त्याच सातवाहनांचे लेख म्हणून. प्राणी चरायचे थांबून ऐकत होते. आमच्या विभागात तेवढंही झालं नाही, हे मी तेव्हा बोलले नव्हते, आता बोलते.

अशी माणसं असतात, काका. पदावर नसतात, मानधन घेत नाहीत, समोरच्याच्या वेडाला दहा मिनिटं देतात आणि ती दहा मिनिटं कधी संध्याकाळ होतात कळत नाही. कॉलेज रोडवर करिअर मार्गदर्शनाच्या पाट्या कमी नाहीत, पण "पान उलट" म्हणणारं कुणी मला तिथे भेटलं नाही.

एक भांडण मात्र शिल्लक आहे. गेममध्ये ऐकणारा नसतो, नुसता करणारा असतो, म्हणून ती खरी कथा नव्हे, हे तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसून जे ऐकत होतात ते काय होतं मग? शिवाय वानराच्या त्या चिनी कथेवरचा 2024 चा वुकाँग हा गेम तुम्हाला बघायचाय. माझ्या लॅपटॉपवर तो चालत नाही, सिडकोत मावसभावाच्या पीसीवर चालतो. रविवारी चारला न्यायला येते. रिक्षाचे पैसे मी देणार, त्यावर वाद नको.

तुमची,
मागच्या टेबलावरची मुलगी