‘कार्बन-तटस्थ’ म्हणण्याआधी मेलेली रोपे मोजा

मा. उच्च शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आमच्या विद्यापीठाचे आवार ‘कार्बन-तटस्थ’ झाल्याचे, म्हणजे जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते तेवढा भरून काढत असल्याचे, आपण जाहीर केलेत आणि इथले एकही जुने झाड तोडू देणार नाही, असा शब्द त्याच व्यासपीठावरून दिलात. मी समोरच बसलो होतो. गेल्या आठवड्यात नव्या वाहनतळासाठी ग्रंथालयामागची अर्धी राई आडवी झाली. बदल्यात माळावर रोपे लावणार, असे परिपत्रक निघाले आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. मला गप्प बसवत नाही.

सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे टनभर सुके लाकूड जेमतेम १.८ टन वायू धरून ठेवते, आणि तेवढे लाकूड भरायला झाडाला वर्षानुवर्षे लागतात. आवारातला जनरेटर मात्र लिटरभर डिझेल जाळून अडीच किलोहून जास्त वायू तिथल्या तिथे सोडतो. एक झाड वर्षाला वीस-बावीस किलो वायू शोषते, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो खरा धरला तरी भरात आलेल्या झाडाचा आहे, गुडघ्याएवढ्या रोपाचा नाही. विद्यापीठाच्या कार्बन-तटस्थतेच्या अहवालात तोच आकडा रोप खड्ड्यात उतरल्या दिवसापासून लावला आहे. मेलेल्या रोपांनासुद्धा!

विद्यार्थ्यांना घेऊन मी दर वर्षी छातीच्या उंचीवर झाडांचे घेर मोजतो. माळावरच्या जुन्या लागवडीत मोजण्यासारखे काही उरलेलेच नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी नव्हते, दुसऱ्यात कुंपण मोडून गुरे शिरली. हे लेखी कळवले, तर मलाच कारणे दाखवा नोटीस आली, विद्यापीठाची बदनामी केल्याचा ठपका ठेवून. माझ्या बढतीची फाइल अडली ती अडलीच. पण माझ्याकडे संशोधन करणाऱ्या मुलीची परवानगीही रोखली. तिचा काय दोष, मंत्रिमहोदय? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तोडलेल्या झाडांचे घेर माझ्या वहीत आहेत, ती वही मला उघडवत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होऊ. पुढे त्यांनीच विकतच्या भरपाईचा, म्हणजे दुसरीकडची झाडे वा कपात पैसे देऊन स्वतःच्या खात्यात दाखवण्याचा, भरवसा सोडला आणि स्वतःचे उत्सर्जन २०४५ पर्यंत ९० टक्के घटवायचे ठरवले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्याच्या बूटलेग वणव्यात तर भरपाई म्हणून दाखवलेले जंगलच जळाले. कोट्यवधी वर्षे जमिनीत बंद असलेला कोळशातला कार्बन आपण वर काढतो आणि तो झाडांच्या हवाली करतो. त्या झाडांना एक वणवा पुरतो, एक निविदाही पुरते.

झाडे लावा, जरूर लावा. सावलीसाठी लावा, मातीसाठी लावा, पाखरांसाठी लावा. पण त्यांच्या आड विजेचे बिल लपवू नका. या राज्यकारभारात खड्डे मोजले जातात, फोटो मोजले जातात; तिसऱ्या वर्षी किती झाडे जगली, हे कोणी विचारत नाही. लावणारा, तपासणारा आणि शिक्का मारणारा एकाच साखळीतले. शिक्षा फक्त विचारणाऱ्याला.

वीज, डिझेल, वाहने, विमानप्रवास यांचा सगळा हिशेब लोकांसमोर मांडा. पाच वर्षे जगलेली झाडेच भरपाईत धरा आणि ती बाहेरच्या माणसांकडून मोजून घ्या. तोवर ‘कार्बन-तटस्थ’ असल्याचे प्रमाणपत्र मागे घ्या. उरलेल्या राईतल्या झाडांवर तोडीचे क्रमांक टाकून झाले आहेत. त्या तोडीला याच आठवड्यात लेखी स्थगिती द्या. समिती नेमू नका.

आपला,
विद्यापीठातील एक प्राध्यापक