ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च

चेल्म्सफर्ड, इसेक्स

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलं होतंत, विलायतेत दगडाखेरीज जुनं काही उरलंय का. उरलंय. रविवारी ग्रीनस्टेडला जाऊन आलो. ऑंगर गावापासून शेतांतून मैलभर चाललं की झाडीत एक ठेंगणं चर्च लागतं. बुरुज पांढऱ्या फळ्यांचा, त्यात १६१८ सालची घंटा; पण तुम्हाला सांगायची आहे ती भिंत.

ओकचे बुंधे मधोमध उभे चिरलेत. गोल बाजू बाहेर, सपाट आत, आणि एकाला एक लावून उभे केलेत. कडांना खोबण, खोबणीत लाकडाची पट्टी, म्हणजे वारा-पाऊस आत यायला नको. आतून वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव अजून बोटांना लागतात. पूर्वी हे इ.स. ८४५ चं मानत. १९९५ च्या सुमारास लाकडातली वर्षवलयं तपासली, तेव्हा झाडं १०६० नंतर तोडलेली निघाली. दोनशे वर्षांनी वय घटलं, तरी जगातलं सर्वांत जुनं लाकडी चर्च हा मान काही ते सोडत नाही!

बुंध्यांचे पायथे मात्र कुजले होते. १८४८ च्या दुरुस्तीत ते कापून बुंधे विटांच्या जोत्यावर घेतले. आपल्याकडे खांबाखाली तळखडा असतो, ती अक्कल इथे जरा उशिराच सुचली म्हणायची. गाभाऱ्याकडचा विटांचा भाग साधारण १५०० चा.

ही दुरुस्ती करवणारा रेक्टर (चर्चचा मुख्य पाद्री) फिलिप रे हा माणूस मला काही आवडला नाही. डॉर्सेटमधल्या टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना संघटनेची शपथ घेतली म्हणून १८३४ साली सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडलं होतं. माफी मिळून परतल्यावर त्यांतले काही इथे शेती करायला आले, तर हा त्यांच्याविरुद्ध उठला. तरी त्यांच्यातल्या जेम्स ब्राइनचं लग्न १८३९ साली याच चर्चमध्ये लागलं. पुढे सहांपैकी पाच जण वैतागून कॅनडाला गेले.

माळ्याच्या तुळईला फणस घेताय की साग, ते कळवा. फणस असेल तर नीट वाळलेला बघा, घाई करू नका. आईला नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

आपला,
सुधीर