आधी दार, मग बर्नर

दांडिया बाजार, वडोदरा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या भट्टीच्या वह्यांची पुस्तिका करताना एक बदल सुचवते. कलाभवनात, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षण संस्थेत, तुम्ही उष्णतेच्या ताळेबंदापासून सुरुवात करायचात. वर्गात ते बरोबरच. पण सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातानं काम करणाऱ्यांसाठी. मकरपुऱ्याच्या कारखान्यांतल्या भट्टीवाल्याला आधी भट्टीचं दार तपासायला शिकवा.

धुरात ऑक्सिजन ८ टक्के दिसला की तो लगेच बर्नरची हवा कमी करतो. ऑक्सिजन भागिले (२१ वजा ऑक्सिजन) या सूत्रानं ही ज्वलनाला लागते त्याहून ६२ टक्के जादा हवा. ३ टक्क्यांना १७च. पण ती हवा वाकलेल्या दारातून शिरत असेल तर? बर्नर उपाशी राहतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, काजळी धरते, आणि मीटरवरचा आकडा मात्र सुधारलेला! म्हणून आधी दाराचं सील, मग डॅम्पर (धुराच्या वाटेवरची झडप), मग बर्नर. भट्टीच्या तळाशी दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त हवा. फटींतून ज्वाला भसाभस बाहेर येत असेल तर डॅम्पर फार मिटलाय. धुराचा नमुना भट्टीच्या तोंडाशीच घ्यायचा. रिक्युपरेटरच्या (जाणाऱ्या धुराच्या उष्णतेनं ज्वलनाची हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) पुढे घेतला तर गळक्या नळ्यांची हवा त्यात मिसळते. कार्बन मोनॉक्साइडही सोबत मोजायचाच.

थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारजोडीचं, पान मोठं करा, खरा घोळ तिथे असतो. के टाइपच्या थर्मोकपलला त्याच्याच जातीच्या जोडकेबलऐवजी साधी तांब्याची वायर लावली, थर्मोकपलचं डोकं ७० अंशांवर आणि पॅनेल ३५ वर असेल, तर तापमान ३५ अंश कमी दिसतं. कंट्रोलर तेवढंच जास्त तापवतो आणि दोष मात्र भट्टीतल्या पोलादाला! योग्य केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली तर फरक ७० चा. के टाइपची ऋण तार चुंबकाला चिकटते, धन तार नाही. ही युक्ती ठळक अक्षरात हवी.

रिक्युपरेटरचं प्रकरण आटोपतं घ्या. ज्वलनाची हवा साधारण २२ अंशांनी तापवली की इंधन सुमारे १ टक्का वाचतं, एवढं पुरे. गळकं दार तसंच ठेवून तो बसवणाऱ्यांना मात्र दोन शब्द सुनवा.

आई, गुजराती आवृत्ती तू तपास. बाबांचं गुजराती सूत्रांपुरतंच आहे.

तुमची,
सुमा