तिथे परत का जायचं नाही

सातारा, रविवार दुपार

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलास. दीड महिना थांबून एवढ्या मोठ्या न्यूरोलॉजिस्टांचा नंबर लावला आणि तुम्ही पुढची तारीख सोडायची म्हणता, असं म्हणालास. मी गप्प बसले, कारण बाबा शेजारीच होते. त्या दिवसाचा विषय निघाला की ते उठून आत जातात. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघालो. पंच्याहत्तरीपुढे बाबांना तिकीट नाही, मला अर्धं. पिशवीत एमआरआयच्या फिल्मा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि बाबांना दिवसभरात केव्हा काय होतं ते लिहिलेला माझा कागद. तो कागद मी चार रात्री बसून लिहिला होता.

गोळीच्या वेळांचं तुला आधी सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं. कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि सिंडोपाची गोळी ते भरून काढते. बाबांना एक गोळी साडेतीन-चार तास पुरते. ती उतरली की हात थरथरतात, तोंडातून शब्द फुटत नाही, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दूध, डाळ, अंडं यांच्याबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास द्यायची. सहा, दहा, दोन, सहा. आमचं घर या घड्याळावर चालतं.

आपली वेळ साडेदहाची होती. डॉक्टर आले पावणेएकला. त्यांच्याआधी आलेले औषध कंपनीचे दोन एमआर आत गेले. दोन वाजत आले तेव्हा मी पाण्याची बाटली काढली, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, आता गोळी देऊ नका, सर गोळीशिवाय बघतात. तुमचाच नंबर आहे." मी बाटली परत पिशवीत ठेवली. दादा, ही माझी चूक मला अजून झोपू देत नाही. डॉक्टरांनी तसं खरंच सांगितलं होतं का, हे मी विचारायला हवं होतं. नंबर आला चार वाजता. मधल्या दोन तासांत मी तीनदा उठून विचारलं आणि तिन्ही वेळा "पुढचाच" असं उत्तर मिळालं.

तोवर बाबा बाकावर लाकडासारखे झाले होते. उठवलं, दारापर्यंत आणलं आणि उंबऱ्याशी पाय अडकले. दाराशी, वळणावर असं होतंच या आजारात. मागून ती मुलगी म्हणाली, "पटपट चला आजोबा, बाकीचे पेशंट थांबलेत." तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस, दादा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात वर जात नव्हता.

आत जेमतेम चार मिनिटं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, मनगट हलवून पाहिलं, म्हणाले, "आजार वाढलाय, डोस वाढवू." मी कागद पुढे केला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी हातानंच खूण केली, बाहेर असिस्टंटकडे द्या. असिस्टंटनं तो न वाचता फाइलला टाचला. दीड हजार रुपये फी दिली ती तुझ्या पैशांची म्हणून मनाला जास्त लागली.

त्या कागदावर वरून दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: उलटीसाठी इथल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी महिनाभर चालू आहे, आणि तेव्हापासून चालणं बिघडलंय.

वाढवलेल्या डोसनंतर आठव्या रात्री बाबा उठून बसले आणि म्हणाले, "अंगणात माणसं जेवायला बसलीत, त्यांना पाणी दे." मी दिवा लावून अंगण दाखवलं, तरी त्यांना पटेना. सकाळपासून पुण्याला फोन लावले. पेशंटला घेऊन या, फोनवर सांगत नाही. मग म्हणाले व्हॉट्सॲप करा. केलं. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

शेवटी पोवई नाक्याजवळ नवे फिजिशियन आलेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पिशवीच टेबलावर उलटी करायला सांगितली आणि एकेक स्ट्रिप वाचत बसले. उलटीची ती गोळी त्यांनी बाजूला काढली. मेटोक्लोप्रमाइड. ती मेंदूत डोपामिनचीच वाट अडवते, कंपवाताच्या पेशंटला देऊ नये, असं त्यांनी मला कागदावर काढून समजावलं. म्हणजे बाबांचा जो आजार वाढला म्हणाले, त्यात या गोळीचाही हात होता, आणि त्याच्यावर आणखी डोस चढवला गेला. उलटीसाठी त्यांनी दुसरं औषध दिलं. सिंडोपा एकदम कमी करायची नसते, म्हणून हळूहळू खाली आणली.

पुण्याहून एमआरआयचा मूळ रिपोर्ट मागितला तर "फाइल इथंच राहते." शेजारच्या वकीलकाकूंनी सांगितलं की पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियमच आहे. तसा अर्ज लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवला, तेव्हा झेरॉक्स आली. माझा मूळ कागदच त्यात होता, टाचणीसकट, घडी न मोडलेला.

ते डॉक्टर हुशार नसतील असं मी म्हणत नाही. दिवसाला साठ पेशंट बघणाऱ्यालाही भूक लागते, थकवा येतो, हे मला कळतं. पण ज्याचा आजारच घड्याळावर चालतो त्याला साडेपाच तास बसवून ठेवतात, आणि जो माणूस चोवीस तास त्याच्याजवळ असतो त्याचं दोन मिनिटंही ऐकत नाहीत, तिथं मी बाबांना पुन्हा नेणार नाही. पुण्यातच दुसरे कुणी न्यूरोलॉजिस्ट बघ. नंबर लावण्याआधी एवढंच विचार, की पेशंटच्या गोळीची वेळ सांभाळून आत घेतील का.

आता बरं चाललंय. अंगणातली माणसं दिसायची थांबलीत. फिजिशियननी सांगितलं म्हणून खोलीपासून न्हाणीपर्यंत फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्यात, हातभर अंतरानं. रेघ दिसली की बाबांचं पाऊल ती ओलांडायला उचलतं. उंबऱ्याशी अडले तर मी "एक, दोन" म्हणते. परवा स्वतःच म्हणाले आणि पलीकडे गेले.

१२ तारखेचा नंबर आजच रद्द कर, कुणाला तरी मिळेल. आणि दिवाळीला येताना चार वेळा गजर लावता येईल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ आण.

खाली बाबांनी सही केली आहे. अक्षर बारीक आलंय, पण पूर्ण नाव आहे.

तुझी,
आई