हत्तीचे कान

लिव्हिंग्स्टन, झांबिया
१२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो, म्हणजे पुढचं ती निवांत वाचेल. ताप नाही. मच्छरदाणी रोज लावतो. रात्री हत्ती गावाच्या कडेला येतात हे दादाने यूट्यूबवर पाहिलं ते खरं आहे, पण ते कुणाच्या तरी आंब्याच्या झाडासाठी येतात, माझ्यासाठी नाही. नदीकाठी मी दिवस मावळल्यावर थांबत नाही. पाणघोडे त्याच वेळी चरायला वर येतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आणि वाळलोय म्हणालीस, तर तो उन्हाचा परिणाम. इथला ऑक्टोबर म्हणजे आपला मे. रंग ब्रशवरच सुकतो.

बाबा, तुम्ही मागच्या कॉलवर म्हणालात, "हत्ती झकास, पण आपल्यासारखा वाटत नाही." ही मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी! इथला पहिला हत्ती काढला तेव्हा मनात नसताना आपल्या गणपतीच्या देवळातला हत्ती उतरला. बाजारात लाकडी जनावरं कोरणारे एक म्हातारबा आहेत, सगळे त्यांना 'मदाला' म्हणतात. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हा तुझ्या गावचा पाहुणा का?" मग हातातलं लाकूड फिरवून त्यांनी एकेक दाखवलं. इथल्या हत्तीच्या कपाळावर आपल्यासारखी दोन गंडस्थळं नसतात. पाठ मध्येच खोलगट, आपल्याची कमानदार. सोंडेच्या टोकाला दोन बोटं, आपल्याला एकच. कान तर असे की खांदे झाकून जातात, आणि सुळे मादीलाही. ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, दोन वर्षं स्थिरचित्रं काढली, पण हात खऱ्या अर्थाने वळला तो या म्हाताऱ्यापुढे.

आता इथली एक गंमत सांगतो, कारण ती कळायला मला वर्ष लागलं. इथे कुणाला थेट काही विचारायचंच नाही. पहिल्या आठवड्यात रंगाच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "निळा आहे का?" दुकानदार म्हणाला, "मी बरा आहे." मला वाटलं ऐकू आलं नाही. मोठ्याने म्हणालो, "निळा!" तो शांतपणे, "तू कसा आहेस?" म्हणजे आधी 'मुली ब्वांजी', कसे आहात. मग त्याने तेच विचारायचं, आपण बरा आहे म्हणायचं, आणि मग निळा. मागे रांग असली तरी. पोलिसाला रस्ता विचारायचा असला तरी. वडीलधारं माणूस असेल तर गुडघे किंचित वाकवून, तळहात पोकळ धरून हलक्या टाळ्या वाजवायच्या. वस्तू देताना उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून. आजीला हे फार आवडेल. ती म्हणेल, आपल्याकडे होतंच की हे, तुम्ही पोरांनी सोडलं.

एप्रिलमध्ये फोन लागत नव्हता म्हणून तुम्ही घाबरला होतात, तेव्हा मी मोंगूला होतो. तिथे झांबेझीला पूर आला की लोझी लोकांचा राजा, लितुंगा, लेआलुईचा वाडा सोडून उंचावरच्या लिमुलुंगाला जातो. याला कुओंबोका म्हणतात, म्हणजे पाण्यातून बाहेर निघणं. पाणी कमी असलं तर त्या वर्षी सोहळाच नाही. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची लांब नाव, छतावर भला मोठा हत्ती, त्याचे कान आतून हलवतात. शंभरएक माणसं उभ्याने वल्ही मारतात, लाल टोप्या घालून. नावेतून धूर निघतो. धूर दिसला की काठावरचे समजतात, राजा खुशाल आहे. (मला त्या दिवशी एक टॉवर मिळाला असता तर मीही धूर काढला असता.)

मी काठावर उभा राहून काढत होतो आणि मला आपल्याकडचा २०१९चा पूर आठवत होता. इथे पुरासाठी नगारे वाजवत निघणारी माणसं, आणि तिकडे गावभागात माळ्यावर आजीला घेऊन बसलेले तुम्ही. तेव्हाही मी घरी नव्हतो. असो.

त्याच नावेचं चित्र ओळखीच्या एकांबरोबर पाठवतोय, दिवाळीआधी पोचेल. भिंतीवर पाण्याची खूण आहे ना, तिच्या वर लावा.

आता पैशांचं. ऑगस्ट-सप्टेंबरचे आले नाहीत, कारण दुकानातली नोकरी मी जुलैमध्ये सोडली. फोनवर सांगणार होतो, पण प्रत्येक वेळी आईच म्हणायची, "कामावर जायला उशीर होईल, ठेव." उपाशी नाही. एका लॉजने सहा चित्रं घेतली, दोन मोठी सांगितलीत. विकल्यावर तिसरा हिस्सा ते कापतात, तरी भाडं, जेवण, रंग भागतात. बँकेत चाळीस हजार टाकलेत, ताईच्या हप्त्याला आधी वापरा. डिसेंबरपर्यंत मागचं सगळं भरून काढतो. बाबा, रागवा, पण एकदम रागवून मोकळे व्हा.

मिरजेच्या स्थळाचं म्हणाल, तर मुलीचा फोटो पाहिला, नाही म्हणत नाही. पण बायोडाटावर दादाने 'आफ्रिकेत स्टोअर मॅनेजर' लिहिलंय. मी मॅनेजर कधीच नव्हतो, आता तर स्टोअरही नाही. रविवारी ते लोक यायच्या आत ते बदला. 'चित्रकार' लिहिल्यावरही आले, तर पोह्यांचा खर्च माझा.

तुमचा
धाकटा

ता.क. आजीला नोकरीचं एवढ्यात सांगू नका. हत्तीच्या कानांचं सांगा.